सात वारांचे वाफे

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन गेल्यावर, तोरणमाळच्या उताराखालच्या एका पाड्यात सुमलीच्या परसातली पहिली टोपली भरली. टोपलीत दुधी, वालाच्या शेंगा, एक लाल भोपळा आणि पपया होत्या. ती पाहणीला आलेल्या पाहुण्यांच्या गाडीत ठेवली गेली. गाडी दुपारी शहाद्याकडे निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाड्यात ऊसतोडीचा ट्रक आला.

त्या परसात जे पिकलं ते झुनकीसाठी पिकवलं होतं. झुनकी ही सुमलीची मुलगी, तेव्हा दोन वर्षांची होत आलेली. तिच्या दंडाभोवती मोजायची पट्टी गुंडाळली की ती लाल रंगावर थांबायची. पट्टीवर हिरवा, पिवळा आणि लाल असे रंग असतात; दंड जितका बारीक तितकी ती लालकडे सरकते. ट्रक येण्याआधी झुनकीचा दंड लालमधून बाहेर आला असता, तर ती आजीजवळ घरीच राहणार होती आणि परसातलं खाऊन हिवाळा काढणार होती. लालच राहिला तर तिला तालुक्याच्या दवाखान्यात भरती करावं लागणार होतं, आणि तिच्याबरोबर आईला राहावं लागणार होतं. ऊसतोडीला मात्र जोडी लागते. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते. या जोडीलाच कोयता म्हणतात. अर्धा कोयता कोणी कामावर घेत नाही.

यंदाचा भाद्रपद अर्धा झाला आहे. पाऊस उघडला की शहाद्याहून सातपुडा दिसतो, खाली काळपट हिरवा, वर धुरकट, आणि मधूनच एखादा ढग कड्याला अडकून राहिलेला. बाजारात डोंगरातल्या काकड्या आल्या आहेत. जाड, बुटक्या, पांढुरक्या रेघांच्या. बायका गोणपाट अंथरून ओळीने बसतात. गिऱ्हाइकाने शंका काढली तर काकडी मोडून नाकासमोर धरतात, बोलत नाहीत. कोणत्या बाईसमोर काकड्यांचा ढीग आहे आणि कोणत्या बाईसमोर नुसती गेल्या वर्षीची ज्वारी, यावरून तिच्या पाड्यात नवाई झाली की नाही हे कळतं.

नवाई म्हणजे नव्या पिकाचा पहिला घास देवाला देण्याचा दिवस. तो होईपर्यंत शेतातलं किंवा परसातलं नवं फळ तोडायचं नाही. रानातल्या पालेभाज्यांना श्रावणातल्या एका लहान पूजेनंतर मोकळीक मिळते. काकडी, मका, वाल, दुधी, भोपळा यांना नवाईपर्यंत थांबावं लागतं. हा दिवस पंचांगात सापडत नाही. पुजारा आणि पाड्यातली जाणती माणसं बसून तो ठरवतात, आणि सुमलीच्या पाड्यात सगळी घरं हजर असल्याशिवाय तो ठरत नाही. बहुतेक वर्षी यात काही अडत नाही. पीक तयार होतं, दिवस ठरतो, ढोल वाजतो, लोक खातात.

शहाद्याला माझ्या घरी हे सांगितल्यावर आई अहिराणीत म्हणाली होती, "आमना घरले काकडी लागनी का पोरे येलवरच खाई टाकेत. त्यासना देवले इतला नियम काबरं?" आई आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांच्या घागरीवर आंबा ठेवल्याशिवाय आंब्याला तोंड लावत नाही. लहानपणी घरात अढी पिकलेली असायची, माजघरात वासाने बसवत नसे, आणि आखाजीपर्यंत आंब्याला हात लावला तर हातावर फटका बसायचा. त्याची तिला आठवण करून दिली.

"ते येगळं शे," ती म्हणाली आणि परसात गेली. येताना तिच्या हातात शेवग्याच्या फांद्या होत्या. "ह्या लई जाय तठे. शेवगाले ना देव लागस ना पानी."

त्या फांद्या मोटरसायकलला आडव्या बांधून पाड्यात नेल्या. दोन वर्षांपूर्वीच्या त्या हंगामात वर्तमानपत्रासाठी एका घराची परसबाग पेरणीपासून काढणीपर्यंत पाहायची होती, म्हणून अधूनमधून जाणं व्हायचं. रस्ता ठाऊक झाला होता. सागाच्या पानावर पाऊस पडतो तेव्हा आवाज मोठा येतो आणि अंगावर थेंब कमी येतात. साग संपला की उलटं होतं.

कुपोषित मुलांच्या घरी परसबाग लावून देण्याचं काम हेमलताकडे होतं. ती शहाद्याजवळच्याच एका गावची. घरी अहिराणी बोलणारी, कार्यालयात मराठी आणि पाड्यात पावरी. पाड्यात तिला हेमाबाई म्हणत. ज्येष्ठात तिने सुमलीच्या घरामागे दोरी आणि खुंटी घेऊन एक मोठं वर्तुळ आखलं होतं आणि भाकरीचे तुकडे पाडावेत तसे त्याचे सात भाग केले होते. एकेक वाफा एकेका वाराचा. त्या वारी त्या वाफ्यातलं तोडायचं, म्हणजे रोज ताटात काहीतरी वेगळं पडेल. मधोमध शेणखताचा खड्डा, त्याच्या कडेला पपई. भांडी धुतलेलं पाणी पन्हळीतून वाफ्यांकडे. शेळ्यांच्या लेंड्या खड्ड्यात, खड्ड्यातल्या अळ्या कोंबड्यांना, कोंबड्यांची विष्ठा पुन्हा वाफ्यात. कागदावर या सगळ्याला जोडणारे बाण काढलेले होते. जमिनीवर बाण नव्हते, पण शेळी, कोंबडी आणि पन्हळ आपापलं काम करत होत्या.

पाड्यातलं बोलणं पावरीत होई. इथे ते मराठीत दिलं आहे.

"हा सोमवारचा, हा मंगळवारचा," हेमलता काठीने दाखवत होती.

सुमलीचा नवरा रुमाल्या कुदळ टेकून उभा होता. "आणि सुट्टीचा कोणता?"

"पोटाला सुट्टी असते का?"

"तुझ्या ऑफिसला असते म्हणून विचारलं, बाई."

सुमली हसली नाही. ती वाफे मोजत होती. तिला वार बाजारांवरून कळायचे, म्हणून तिने वाफ्यांना बाजारांची नावं देऊन टाकली: हा धडगावचा, हा मोलगीचा, हा शहाद्याचा. एका वाफ्याला बाजार उरला नाही. त्याला तिने झुनकीचं नाव दिलं आणि त्यात मका लावला. ती मातीशी हलक्या हाताने वागत असे, दोन बोटांनी बी टोचून तळव्याने थोपटायची. रुमाल्याची आई रेहंजी उंबऱ्यात बसून झुनकीला मांडीवर घेई आणि वरून सूचना देई. वेल कुडावर चढवा. नाही, त्या कुडावर नाही, तिकडून शेळी येते.

कोंबड्यांचं आधी झालं. हेमलताने आणलेल्या कोंबड्या तांबूस, जड आणि पाड्यातल्या कोंबड्यांपेक्षा लवकर अंड्यावर येणाऱ्या होत्या. आषाढात त्या अंडी देऊ लागल्या. हेमलता दर खेपेला विचारायची, झुनकीला अंडं देतेस ना, आणि सुमली मान हलवायची. ती मान देते अशी नव्हती, आणि नाही अशीही नव्हती. अंडी एका टोपलीत, राखेत, एकावर एक साठत होती. पाड्यात अंडं खाण्याची रीत फारशी नाही. अंड्यावर कोंबडी बसते, पिल्लं होतात, पिल्लं वाढतात. अंडं खाणं म्हणजे वाढणारी कोंबडी खाणं. झुनकीसाठी पुष्कळ कोंबड्या व्हाव्यात म्हणून सुमली अंडी जपत होती. या नव्या कोंबड्या मात्र खुडूक होत नाहीत. त्या अंडं देतात आणि उठून जातात. उबवायला बसणं त्यांच्या जातीतून काढून टाकलेलं असतं, आणि हे सांगायचं हेमलताच्या प्रशिक्षणात राहून गेलं होतं.

टोपली उघडली तेव्हा वास आला. रेहंजीने नाकाला पदर लावला.

"बसतच नाही ती," सुमली म्हणाली. "मी धरून बसवलं. टोपली पालथी घातली वरून. तरी उठते."

"ऑफिसची कोंबडी आहे," रुमाल्या म्हणाला. "ड्युटी झाली की निघाली."

 हेमलताने चुलीवर पाणी ठेवायला सांगितलं आणि त्या दिवशीचं ताजं अंडं स्वतः उकडलं. झुनकीने ते हातात घेतलं, चाटलं, खाली टाकलं, उचललं आणि खाल्लं. पिवळा बलक हनुवटीवर लागला. तो पुसायला कोणी पुढे झालं नाही. सगळे बघत होते.

त्यानंतर काही आठवडे झुनकी रोज अंडं खात होती. श्रावण संपताना पट्टी पिवळ्यावर आली. जेमतेम, लालच्या काठावर, पण पिवळ्यावर. हेमलताने पट्टी दोनदा लावून बघितली. सुमलीला रंग कळायचा. तिने झुनकीला उचललं आणि वाफ्यांभोवती फिरवून आणलं, जणू आता ओळख करून द्यायला हरकत नव्हती.

त्या दिवसांतलं परस डोळ्यांसमोर आणायचं तर आधी आवाज येतो. पावसाची झड थांबली की वेलीवरून पाणी गळायचं, आणि खाली दुधीच्या पानांवर पडताना त्याचा टपटप असा रिकामा आवाज होई. कुडाला ओल धरलेली. घरात धूर, दारात शेळी, आणि घरामागे हिरव्या रंगाची इतकी दाटी की सात वाफ्यांच्या रेघा दिसेनाशा झाल्या होत्या. काकड्या पानांआड लपून फुगत होत्या. वालाला जांभळी फुलं आली होती. भाद्रपद लागला होता, आणि पाड्याने नवाईचा दिवस ठरवायला बसायचं होतं.

पहिल्या वेळी पुजारा तापाने पडला होता. दोन दिवस थांबू, असं ठरलं. तो उठला तेव्हा वरच्या घरांत एक मृत्यू झाला आणि सुतक आलं. सुतक फिटलं तर नाल्याला पूर येऊन पलीकडची घरं पाड्यापासून तुटली. पूर ओसरला तेव्हा त्या घरांतली माणसं सोयाबीन काढायला खाली तापीकाठी गेली होती, कारण नुसतं बसून त्यांचं चालणार नव्हतं. प्रत्येक वेळी दोनच दिवस थांबायचं होतं. सगळा काळ थांबायचं, असं कोणीच कधी ठरवलं नाही.

हेमलताने एकदा पुजाऱ्याला परसात आणलं. म्हातारा काठी टेकत वाफ्याच्या कडेकडेने फिरला. त्याला वेल आवडला. त्याने तसं सांगितलंही.

"बाबा, हे बी पाकिटातलं आहे," हेमलता म्हणाली. "ऑफिसातून आलंय. पाड्याचं बी नाही हे. याला नवाई कशाला?"

पुजाऱ्याने एक काकडी हाताने तोलली, न तोडता. "पाकिटात पाऊस पण होता का?"

"पाऊस कसा असेल?"

"मग पाऊस इथलाच प्याली ना ही." तो झुनकीकडे वळला, तिच्या डोक्यावर हात ठेवून पुटपुटला. त्याचा आवाज कठोर नव्हता. "पोरीसाठी मलाही घाई आहे, बाई. एकट्या घराने खाल्लं आणि मग पाड्यात काही झालं, तर नाव सुमलीचं घेतील. ते तुला निस्तरता येणार नाही."

हेमलताने रुमाल्याकडे पाहिलं. रुमाल्याने जमिनीकडे पाहिलं. सुमली चुलीकडे गेली.

काकड्या पिवळ्या पडल्या, मग तांबूस. काही देठापासून सुटून मातीत बसल्या. कोंबड्यांना नवाई नव्हती. त्या काकड्या फोडून बिया खात होत्या. हेमलताला त्यात थोडा धीर वाटला. काकडी कोंबडीत जाते आणि कोंबडीतून अंडं झुनकीत जातं, असं ती म्हणाली. पण कोंबड्या कमी होत होत्या. काही मुंगसाने नेल्या. झुनकीला ताप आणि हगवण लागली तेव्हा एक बडव्याच्या सांगण्यावरून वाहिली गेली, झुनकीच्याच नावाने. बडवा म्हणजे मंत्राने आजार उतरवणारा. त्याने अंड्यावर असलेली कोंबडी मागितली होती आणि घरात ती एवढीच उरली होती. बाकीच्या पिसं टाकू लागल्या होत्या आणि अंडी द्यायच्या थांबल्या होत्या.

हेमलताने सरकारी दवाखान्यातून औषध आणलं. ताप उतरला. पट्टी पुन्हा लालवर आली होती.

त्या दिवशी परतताना ती माझ्या मोटरसायकलवर मागे बसली होती. साग संपल्यावर पाऊस तोंडावर येऊ लागला. ती अहिराणीत बोलली. "भाऊ, मी काय सांगू त्यासले? त्यासना देव शे, मन्हा साहेब शे. दोन्ही कधी येतीन, कोनले माहीत नही." साहेबाचा उल्लेख का आला ते तेव्हा कळलं नव्हतं.

नवाई आश्विनात झाली. मोठा ढोल आणि बांबूच्या पिपाण्यांचा लांब सूर. पळसाच्या पानांवर मका, वालाच्या शेंगा, काकडीच्या फोडी, मोहाच्या दारूचे थेंब. पुजारा पूर्वजांची नावं घेत होता आणि त्या नावांत पोचायला त्याला बराच वेळ लागत होता. भिजलेल्या माणसांच्या अंगातून उन्हात वाफ निघत होती. मग खाणं सुरू झालं. रेहंजीने मक्याचे कोवळे दाणे स्वतः चावून मऊ केले आणि झुनकीच्या तोंडात घातले. झुनकीचं तोंड आलेलं होतं. तिने ते बाहेर काढले. रेहंजीने पुन्हा घातले.

"उद्यापासून," सुमली म्हणाली. "उद्या डाळ घालून मऊ शिजवते. दुधीचं घेईल ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमलता पाड्यात आली; तो तिचा नेहमीचा दिवस नव्हता. वरून पाहणीला पाहुणे येणार होते. जिल्ह्यातल्या सगळ्या परसबागांमधून सुमलीची निवडली होती, कारण ती खरोखर सगळ्यांत चांगली होती. कार्यालयाचं म्हणणं होतं की पाहणीपर्यंत तोडणी करू नये. वेल भरलेला दिसला पाहिजे, फोटो व्हायचे आहेत. परसासमोर लावायचा फलकही हेमलताने आणला होता.

"दोन दिवस, सुमली," ती म्हणाली.

सुमलीच्या हातात विळा होता. तिने तो कुडात खोचला.

"तुमची पण नवाई असते का, बाई?"

हेमलता हसली. नंतर ती हसली नाही. फलक रोवायला खड्डा खणायचा होता. तो रुमाल्याने खणून दिला.

पाहुणे त्या आठवड्यात आले नाहीत. घाटात दरड पडली होती. रस्ता सुरू झाला तेव्हा दिवाळीची सुट्टी लागली. या काळात त्या घराने सांगितलेलं का पाळलं, हा प्रश्न नंतर बातमीच्या टेबलावर विचारला गेला. खात्रीने सांगता येईल ते एवढंच: कोंबड्या हेमलताने दिल्या होत्या, ताप आला तेव्हा औषध तिने आणलं होतं, आणि तिची नेमणूक दरवर्षी नव्याने होते हे सुमलीला ठाऊक होतं. "हेमाबाईचं खालती बघायला होईल," असं ती शेजारणीला म्हणाली होती. शेजारणीने विचारलं होतं, चार दुधी तोडले तर कोणाला कळतंय. सुमली म्हणाली, मला मोजून माहीत आहेत, तिलाही असतील.

रुमाल्याने एकदा मागच्या बाजूने शेंगा काढल्या.

"फोटो पुढून काढतात," तो म्हणाला.

"मागून पण काढतील," रेहंजी म्हणाली. "मोठी माणसं आहेत. फिरून बघतात."

तरी त्या शेंगा शिजल्या. झुनकीने थोडं पाणी घेतलं, शेंगा घेतल्या नाहीत. तिचं तोंड अजून आलेलंच होतं.

आठवणीत तो काळ फार शांत आहे. आश्विनातलं ऊन सातपुड्यात सरळ येत नाही, गवताच्या तुऱ्यांवरून येतं. परस भरलेलं होतं. दुधी लांबत होते, त्यांच्या अंगावर बारीक पांढरी लव होती. एक भोपळा छपरावर चढून बसला होता. शेवग्याच्या फांद्यांना पालवी फुटली होती, पण तो पाला खुडण्याइतका झाला नव्हता. घरात गेल्या वर्षीच्या ज्वारीची भाकरी, मिरची आणि पातळ डाळ. झुनकी उंबऱ्यात बसून परसाकडे पाही. तिला बघण्यासारखं तिथे खूप होतं: फुलपाखरं, सरडे, उरलेल्या कोंबड्या. ती रडत नसे. हेमलताला तेच आवडायचं नाही. या वयाचं मूल रडत नसलं तर लक्ष द्यायचं असतं, असं ती म्हणायची, आणि लक्ष देण्यापलीकडे काय करायचं ते तिच्या बोलण्यात येत नसे.

या अवस्थेला मराठीत हतबल म्हणतात. त्या घरात कोणी तो शब्द वापरला नाही. पावरीत त्यासाठी काय आहे ते विचारायचं राहून गेलं.

दिवाळी झाली. पाहुणे आले. ती चांगली माणसं होती. त्यांनी चपला बाहेर काढल्या, वाफ्यांत पाय पडू नये म्हणून ती जपून चालली. एक बाई खाली बसून सुमलीला प्रत्येक वाफ्याचं नाव विचारत होती, आणि बाजारांची नावं ऐकून तिला खरंच आनंद झाला. फोटो निघाले. झुनकीला नवं झबलं घातलं होतं, बाह्या लांब. पाहुण्यांनी तिच्या गालाला हात लावला.

मग सुमलीने टोपली घेतली. कोणी तिला सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा घरी आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जात नाही. पिकलेल्या पपया तिने आधी ठेवल्या, मग दुधी, मग शेंगा, वर लाल भोपळा. पाहुणी बाई नको नको म्हणाली. रेहंजीने हाताने खूण करून गप्प केलं. गाडीच्या मागच्या सीटवर टोपली ठेवली गेली.

परसात अजून पुष्कळ होतं. संध्याकाळी सुमलीने दुधी आणि डाळ मऊ शिजवली. झुनकीने थोडी खाल्ली.

सकाळी ट्रक आला. डबे, गोधड्या, पत्र्याची पेटी, कोयते, शेजाऱ्यांच्या कोंबड्या पाय बांधून. हेमलता आदल्या दिवशी पाड्यातच राहिली होती. तिने अंगणात पट्टी लावली. सुमलीने झबल्याची बाही वर धरली. पट्टी लालवर थांबली. हेमलताने ती काढून पुन्हा लावली, दुसऱ्या दंडालाही लावली.

"भरती करावं लागेल," ती म्हणाली. "आज."

रुमाल्या ट्रककडे बघत होता. टोळीचा मुकादम खालून हाका मारत होता.

"सुमलीला ठेवून जा तू," रेहंजी म्हणाली. तिने लुगड्याचा काचा मारायला घेतला होता. "मी येते."

"कुठे येतेस?"

"उसाला."

मुकादम वर आला. "म्हातारीला घेऊन काय करू? तिकडे मोळी डोक्यावर घ्यावी लागते."

"तू होतास का रे फडात, मी तोडत होते तेव्हा?" रेहंजीने कुडातला कोयता काढला. "हा पोटात होता माझ्या. विचार तुझ्या बापाला."

"बाप नाही आता."

"मग कोणाला विचारशील?"

ट्रकमधली माणसं हसली. मुकादमही हसला. रुमाल्याने आईला खांद्याला धरून वर चढवलं. तिने झुनकीकडे बघितलं नाही, परसाकडे बघितलं, आणि सुमलीला सांगितलं की त्या कुडाकडून शेळी येते. ट्रक शहादा, नंदुरबार करत नवापूरच्या बाजूने गुजरातेत जायचा होता.

सुमली झुनकीला घेऊन हेमलताबरोबर दवाखान्यात गेली. वॉर्डच्या खिडकीतून एक भिंत आणि पाण्याची टाकी दिसायची. नर्स ठरलेल्या वेळी दूध द्यायची आणि झुनकीने ते संपवेपर्यंत उभी राहायची. झुनकीचं तोंड बरं झालं. ती रडायला लागली. पट्टी पिवळ्यावर आली, आणि या वेळी काठावर नव्हे.

त्या आठवड्यांत घराला कोणी नव्हतं. शेजारीही बहुतेक उसाला गेलेले. शेळ्या आधी रेहंजीने सांगितलेल्या कुडाकडून आल्या, मग सगळीकडून. दवाखान्यातून सोडल्यावर सुमली घरी पोचली तेव्हा सात वाफ्यांमध्ये वालाच्या काड्या आणि लेंड्या होत्या. पपईची साल सोललेली होती. शेवगा खुंटापर्यंत खाल्लेला. फलक उभा होता. हेमलताने शेळ्यांचं कार्यालयाला कळवलं. नवं बी पुढच्या पावसाळ्यात मिळणार होतं.

शहाद्याला आई त्या शेवग्याच्या फांद्यांबद्दल विचारत असते. तिला शेळ्यांचं सांगितलं. "आते पुन्हा लई जाय," ती म्हणाली.

फडातून निरोप आला की रेहंजीचे पाय सुजले आहेत आणि रुमाल्याची जोडी मागे पडते आहे. सुमलीने काही दिवस वाट पाहिली. मग उरलेल्या कोंबड्या शेजारणीला दिल्या, दाराला काटेरी फांदी लावली आणि झुनकीला कडेवर घेऊन एसटीने निघाली. हेमलता तिच्याबरोबर नवापूरपर्यंत गेली आणि तिला पुढच्या गाडीत बसवून परतली. निघताना तिने स्टँडवरच पट्टी लावली होती. पिवळी होती.

फडात अंगणवाडी नव्हती. पाचटाच्या पालात राहायचं होतं, पहाटे तोडायला जायचं होतं.

पावसाच्या तोंडावर चौघं परतले. हेमलताने झुनकीची बाही वर करून पट्टी लावली. पट्टी लालवर थांबली.